एका बोल्टावर

उद्घाटनाची माणसं यायच्या आत व्हाइस बसवून मोकळं व्हायचं, असं भैरवीनं ठरवलं होतं. माणसं यायला लागेपर्यंत सगळं तिच्या मनासारखं झालंही.

लोहाऱ्यातल्या रणधीरच्या पंप-दुरुस्तीच्या दुकानाला लागूनच पत्र्याचं नवं शेड उभं राहिलं होतं आणि त्यात सोलापूरहून टेम्पोत घालून आणलेलं एक जुनं मिलिंग मशीन होतं. भैरवी ही रणधीरची बायको. माहेर तेरचं. आयटीआयला मशिनिस्टचं शिक्षण झालेलं, आणि लग्नाआधी भोसरीच्या एका कारखान्यात तिनं अशाच मशीनवर काम केलेलं. लग्न होऊन लोहाऱ्यात आल्यापासून मात्र ती गिऱ्हाइकांना वॉशर आणि गॅसकेट काढून देत गल्ल्यामागं बसत होती. आज तिच्या हाताला तिचं स्वतःचं काम मिळणार होतं.

मिलिंगचं कटर जागच्या जागी फिरतं आणि लोखंडाचा तुकडा त्याच्याखालून सरकत जातो. तो तुकडा धरून ठेवणारा जबडा म्हणजे व्हाइस. आणि व्हाइसला धरून ठेवतात ते दोन बाजूंचे दोन बोल्ट, ज्यांची डोकी मशीनच्या टेबलातल्या खाचेत अडकवलेली असतात. व्हाइस हलला की काम गेलं, कटर गेलं, आणि जवळ कुणी उभं असेल तर त्याचंही काही खरं नाही. भोसरीत नवी असताना एक निसटलेला तुकडा शेजारच्या पत्र्यातून आरपार गेलेला तिनं पाहिला होता. त्या दिवशी तिला डबा गेला नव्हता.

म्हणून तिनं सकाळीच टेबल रॉकेलनं धुतलं, तळहात फिरवून कुठं चुरा राहिला का ते चाचपलं, एका कोपऱ्यावर आलेला बारीक खरबरीतपणा तेलाच्या दगडानं घासून काढला. मग व्हाइस ठेवला, केसभराचा फरक दाखवणारं काट्याचं घड्याळ लावून त्याचा जबडा सरळ करून घेतला, आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, थोडा हा, थोडा तो, असे आवळत आणले. शेवटी व्हाइसला हातानं जोरात हिसका देऊन पाहिला. टेबलाशीच ओतलेला असावा, तसा तो बसला होता.

"झालं का?" रणधीर दारात येऊन म्हणाला.

"झालं. आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाय."

"कोण लावतंय?" रणधीर म्हणाला. हे तो अगदी मनापासून म्हणाला. आपल्या भावकीचा विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यात नव्हता.

भावकीत सगळ्यांत थोरले आण्णासाहेब. रणधीरच्या वारलेल्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा हात लागल्याशिवाय घराण्यात काही चालू होत नसे. ट्रॅक्टर आला तेव्हा किल्ली त्यांनी फिरवली होती, बोअर मारली तेव्हा पहिला नारळ त्यांचा, आणि रणधीरच्या दुकानात फ्रीज आला तेव्हा त्याचं दारही त्यांनीच उघडून आतल्या दिव्याला नमस्कार केला होता. पांढरंस्वच्छ धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पटका. त्यांना हसताना पाहिलेलं माणूस तालुक्यात सापडणं अवघड. त्यांची जीप येऊन थांबली तशी रणधीरच्या आईनं, कस्तुराबाईंनी, डोक्यावरचा पदर पुढं ओढला. जीप चालवत आलेला बिरदेव हा आण्णासाहेबांचा धाकटा मुलगा. तालमीतला गडी. तो आत शिरला तेव्हा शेड एकदम लहान वाटायला लागलं.

दारापाशी अणदूरचे महांतप्पा पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या विहिरीवरचा पंप बंद पडला होता आणि ऊस पिवळा पडायला लागला होता. शाफ्टला चावीची, म्हणजे चाक घट्ट धरणाऱ्या लोखंडी पट्टीची, खाच पाडून मिळाली तर ते आजच पंप चालू करणार होते. नाहीतर उद्या सोलापूर गाठायचं. शाफ्ट ते कुणाच्या हातात देत नव्हते. बाईच्या हातात द्यायचा, हे तर अजून त्यांचं ठरायचंच होतं.

गुरुजींनी पूजा मांडली. हळदीकुंकवाचं भलंमोठं ताट मशीनच्या टेबलावर ठेवलं गेलं. भैरवीनं त्याखाली कागद सरकवला, आणि नारळ टेबलाऐवजी दारातल्या दगडावर फोडायची विनंती केली. तेवढं तिचं ऐकलं गेलं.

"ह्यात माझं काय?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"तुमी हिरवं बटण दाबायचं, आण्णा," रणधीर म्हणाला. आण्णासाहेबांनी बटण दाबल्यावर नुसतं कटर फिरून भागणार नाही, काहीतरी सरकलंही पाहिजे, असा रणधीरचा सकाळपासून आग्रह होता. म्हणून भैरवीनं भंगारातला एक तुकडा व्हाइसमध्ये धरून, टेबल आपोआप सरकवण्याची दांडी आधीच टाकून ठेवली होती. आधी तो तुकडा, मग महांतप्पांचा शाफ्ट.

"बटण काय, लाईटचं बी दाबतेत," आण्णासाहेब म्हणाले. "हाताला लागंल असं कायतरी द्या." त्यांची नजर खिडकीतल्या पान्यावर गेली. "त्यानं काय आवळायचंय?"

"ते आवळलंय, आण्णा," भैरवी म्हणाली.

"मग म्या कशाला आलो?"

रणधीरनं पाना उचलून त्यांच्या हातात दिला. आण्णासाहेबांनी डोळे मिटून खंडोबाचं नाव घेतलं, पाना नटावर बसवला आणि दोन्ही हातांनी नेटानं फिरवला. डावीकडं.

नट कुरकुरला आणि सुटला.

"बघा, कसं हलकं फिरलं," गुरुजी कौतुकानं म्हणाले.

"आण्णा, ते सुटलं," भैरवी म्हणाली.

"माझ्या हातानं?" आण्णासाहेबांनी पाना तसाच धरून विचारलं. "माझ्या हातानं सुटलं?"

तिनं पाना घ्यायला हात पुढं केला, तोच कस्तुराबाईंनी मागून तिचं कोपर धरलं. "पोरी, थोरल्या भावजींनी फिरवलेलं उलटं फिरवू नगं. अपशकुन व्हतोय."

भैरवीनं आण्णासाहेबांच्या तोंडाकडं पाहिलं. ते काळंठिक्कर पडत चाललं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर ते जीपकडं चालायला लागले असते, आणि मग शेडमध्ये मशीन असून नसून सारखंच झालं असतं.

"आण्णा," ती म्हणाली, "आपण देवाला प्रदक्षिणा घालतो, त्या बाजूनं फिरवायचं असतंय. आधी सैल करून घ्यावं लागतं, ते तुमी केलं. आता प्रदक्षिणा घाला."

आण्णासाहेबांनी मान डोलावली. पाना उजवीकडं फिरला. नट आवळला गेला. गुरुजींनी घंटा वाजवली आणि लोखंडालाही शास्त्र कळतं, असं सगळ्यांना सांगितलं. रणधीरनं बायकोकडं अशा नजरेनं पाहिलं, की तिला पुढच्या सगळ्या कामाचं बळ आलं.

पण एकदा प्रदक्षिणा म्हटल्यावर ती एकट्यानं घालून कसं चालेल? कस्तुराबाई पुढं झाल्या. मग शेजारच्या बायका. मग गुरुजी. मग आण्णासाहेबांसोबत आलेली सगळी मंडळी. पाना हातोहात फिरत राहिला, बांगड्या वाजत राहिल्या, नट मात्र आधीच आवळलेला असल्यानं कुणाच्या हातानं केसभरही हलला नाही. भैरवी हात बांधून उभी होती. ह्यात बिघडण्यासारखं काही नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. बिरदेवकडं तिचं लक्ष नव्हतं.

बिरदेवनं पाना धरला, जोर लावला, आणि नट फिरला नाही. त्यानं सगळ्यांकडं पाहिलं. तालमीतल्या माणसाला असं चारचौघांत होऊन चालत नाही. तो बाहेर गेला आणि दुकानातला हातभर लांबीचा पाइप घेऊन आला. पान्याच्या दांडीत पाइप घातला.

"बिरदेव भावजी, बास! आवळलंय ते!"

"कुठं, वैनी? अजून फिरतंय की."

"नट फिरत न्हाय तो, बोल्ट ताणतोय! सोडा!"

टण्ण् असा आवाज झाला. बिरदेव पाइपासकट जमिनीवर बसला. नट आणि बोल्टाचा वरचा तुकडा घरंगळत महांतप्पांच्या पायाशी जाऊन थांबला, आणि त्यांनी शाफ्ट आणखी जवळ ओढून घेतला.

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं हळूच चपला घातल्या.

"मोडलं," कुणीतरी मागून म्हणालं, तेरवीला बोलावं तशा आवाजात.

"काय मोडलं न्हाय," भैरवी घाईनं म्हणाली. "एक बोल्ट गेलाय. शेजारी दुकानात लेथ हाय. जेवणं होईस्तोवर नवा करते, बसवते, मग चालू करू."

"मुहूर्त टळतो," गुरुजी म्हणाले. "थोडाच वेळ राहिलाय."

आण्णासाहेब पुढं आले. मोडलेल्या बाजूकडं त्यांनी पाहिलं, मग दुसऱ्या बाजूकडं पाहिलं. "ह्यो दुसरा हाय की."

"एकावर चालत न्हाय, आण्णा."

"का चालत न्हाय? एक बैल दमला तर दुसरा घरापत्तुर गाडी आणतो."

"गाडी येतीय, आण्णा. पण हे गरागरा फिरंल. कुणाला तरी लागंल."

रणधीर तिच्या कानाशी आला. "जरासं चालवून बंद कर की. आण्णांचा मान राहील."

"न्हाय," भैरवी म्हणाली.

ती हळूच म्हणाली होती, पण पत्र्याच्या शेडमध्ये तो शब्द सगळीकडं पोचला. लग्न झाल्यापासून आण्णासाहेबांसमोर असा नकार तिच्या तोंडून कधी आलेला नव्हता. खरं म्हणजे त्या घरात तो कुणाच्याच तोंडून आलेला नव्हता. कस्तुराबाईंनी डोळे मिटून घेतले. आधी मेन स्विच पाडायला हवा, हे भैरवीच्या लक्षात आलं नाही. ती बोलण्यात गुंतली होती.

"सून न्हाय म्हणती," आण्णासाहेब सगळ्यांना उद्देशून म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग त्यांनी पटका सारखा केला, आणि हात लांब करून हिरवं बटण दाबलं.

"मागं सरा!" भैरवी ओरडली आणि जवळच्या दोन बायकांना तिनं खांद्यांनी मागं रेटलं.

कटर फिरायला लागलं. टेबल शांतपणे सरकत निघालं. भंगारातला तुकडा कटरला टेकला आणि कर्कश किंकाळी उठली. एका बोल्टावरचा व्हाइस आधी थरथरला, मग घाण्याच्या बैलासारखा सावकाश वळायला लागला, आणि वळता वळता त्याच्या लांब दांडीनं पूजेच्या ताटाला असा रट्टा दिला, की ते उडून सरळ आण्णासाहेबांच्या छातीवर आदळलं. त्याच वेळी कटर मोडलं. त्याचा एक तुकडा वर छताला जाऊन लागला. भैरवीनं लाल बटणावर मूठ मारली.

मशीन थांबलं. ताट मात्र जमिनीवर बराच वेळ गोल गोल वाजत राहिलं.

आण्णासाहेब उभे होते. पटक्यापासून धोतराच्या निऱ्यांपर्यंत हळद, तिच्यात कुंकवाचे ओघळ, एका कानावर तांदळाचे दाणे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव दिसतो तसे ते दिसत होते, पण ते कुणी म्हटलं नाही. हसलंही कुणी नाही. बिरदेव जमिनीकडं बघत राहिला. गुरुजींनी पोथी उघडली. कस्तुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, आणि त्यांचे खांदे कशानं हलत होते ते विचारायची सोय नव्हती.

आण्णासाहेबांनी आधी आपले हात पाहिले. मग छाती चाचपली. कुठं काही लागलं नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. छताच्या पत्र्याला नवं भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा खाली, त्यांच्या पायांच्या अगदी जवळ, पडला होता. ते त्या कवडशाकडं बघत राहिले. भैरवीनं त्यांना एक पाऊल हळूच मागं घेताना पाहिलं.

मग त्यांनी घसा साफ केला.

"ह्याच्यासाठीच," ते म्हणाले, "म्या सांगत व्हतो. एका बोल्टावर चालू करू नका म्हणून."

भैरवीनं तोंड उघडलं. रणधीर तिच्याकडं नुसता बघत होता, हात जोडायचे तेवढे राहिले होते. तिला खूप काही म्हणायचं होतं आणि ते सगळं खरं होतं. पण आण्णासाहेबांची नजर पुन्हा पुन्हा त्या कवडशाकडं जात होती.

"व्हय, आण्णा," ती म्हणाली.

"मग? आता काय करायचं?"

"तुमी सांगा."

"जेवणं होईस्तोवर नवा बोल्ट करा. लेथ हाय ना शेजारी?"

"हाय."

"मग बघत काय उभ्या ऱ्हायलात?"

"आणि मुहूर्त?" गुरुजींनी पोथीतून डोकं वर काढलं.

"बटण म्या येळंत दाबलं का न्हाय?"

"दाबलं."

"मग साधला मुहूर्त. पुढचं चालवणं माणसाचं काम हाय."

पंगत बसली. बाहेर वांग्याची भाजी आणि शेंगाच्या पोळ्या वाढल्या जात असताना भैरवी लेथवर बोल्ट करत होती. तिला राग आला होता, आणि भूकही लागली होती. लोखंडाच्या सळईला तिनं आटे पाडले, डोकं खाचेच्या मापाला आणलं, मोडलेला बोल्ट काढून नवा घातला, आणि सकाळचं सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. टेबल पुसलं. जबडा घड्याळावर सरळ केला. थोडा हा बोल्ट, थोडा तो. पेटीतलं दुसरं कटर लावलं. शेडच्या दारात आण्णासाहेब बिरदेवचा सदरा घालून, दोन्ही हात चौकटीला टेकवून उभे होते. तो सदरा त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता. आत कुणाला येऊ देत नव्हते. बिरदेवला तर त्यांनी रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली पाठवून दिलं होतं.

"आत काम चालू हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. "व्हाइस पक्का बसल्याबगर बटणाला हात लावायचा नसतो. म्या हितंच सांगितलंय सगळ्यांला."

महांतप्पांनी शाफ्ट शेवटी दिला. कटर चाललं, पांढऱ्या तेलपाण्याची धार चालली, किंकाळी काही उठली नाही. खाच पडली. महांतप्पांनी चावी खाचेत ठेवून हातोडीनं हलकेच ठोकली, मग नखानं हलवून पाहिली, मग सगळं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"बसली," ते म्हणाले. आणि उठून आण्णासाहेबांसमोर हात जोडले. "तुमी व्हता म्हणून, आण्णासाहेब. न्हायतर काय खरं नव्हतं."

"आपलं कामच हाय," आण्णासाहेब म्हणाले.

सगळे गेल्यावर कस्तुराबाईंनी भैरवीसमोर ताट ठेवलं. तुपाची धार पोळीवर सोडता सोडता त्या म्हणाल्या, "तू म्हणली व्हतीस. म्या ऐकलंय."

"जाऊ द्या, आत्या."

"जाऊ देतेय की. पण म्या ऐकलंय." आणि पदर तोंडाला लावून त्या एकदाच्या पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि भैरवीलाही घास गिळवेना.

ह्यानंतर शेडमध्ये काम यायला लागलं. पंपाचे शाफ्ट आले, मळणीयंत्राचे भाग आले, आणि महांतप्पांनी अणदूरकडची अर्धी विहिरीवाली मंडळी धाडली. "बाईच्या हातचं काम" असं कुणी म्हणालं, तर महांतप्पा त्याला चावी हलवून बघायला सांगायचे.

मग एका सकाळी आण्णासाहेबांचा फोन आला. आवाज अगदी खालचा होता. मागं कुठंतरी म्हैस ओरडत होती.

"भैरवीबाई, रणधीर शेजारी हाय का?"

"न्हाय, आण्णा. का?"

"बरं झालं. म्या तेरला आलोय. हितं डाळमिल चालू करायचीय माझ्या हातानं. लई माणूस जमलंय."

"मग?"

"मोटार हाय. पट्टा हाय. खाली बोल्ट हायत. काय कमी दिसत्यात, काय सैल दिसत्यात, मला काय उमगंना झालंय. हे लोक म्हणत्यात, दाबा बटण."

"तुमी दाबू नका, आण्णा."

"तेच म्हणतोय. तुमी येऊन बघितल्याबगर म्या हात लावत न्हाय. बिरदेवला जीप घेऊन धाडलंय, पोचतच असंल."

"आणि मुहूर्त?"

पलीकडं म्हैस पुन्हा ओरडली.

"कंबर धरली म्हणून सांगितलंय," आण्णासाहेब म्हणाले. "खाटंवर आडवा झालोय."

"मग फोन कुठनं करायलात?"

"गोठ्यामागनं. आता जाऊन परत आडवा व्हतो. या लवकर."

फोन बंद झाला. भैरवीनं चालू काम थांबवलं, मेन स्विच पाडला, आणि पान्यांची पिशवी खांद्याला लावेपर्यंत बाहेर हॉर्न वाजला. ती सवयीनं जीपच्या मागच्या बाजूला गेली. बिरदेव धावत खाली उतरला आणि त्यानं पुढचं दार उघडून धरलं. त्या जागेवर आण्णासाहेबांशिवाय कुणी बसलेलं त्यानं स्वतःही कधी पाहिलं नव्हतं.

"पुढं बसा, वैनी," तो म्हणाला. "आण्णांनी तसंच सांगितलंय."